नावावरची पांढरी पट्टी

अक्षर वाईट आहे, त्याची माफी असावी. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, त्याचीही. मी चौथीपर्यंत शिकले, तेही कानडी शाळेत. मराठी अक्षरं अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, घरी शिकवली, पोथी वाचता यावी म्हणून. त्या अक्षरांनी पोथीबाहेरचं काही पहिल्यांदाच लिहिते आहे. मराठीत लिहिते कारण त्या ऑफिसात कोणालाच मराठी वाचता येत नाही. वही माझ्या घरात आहे, तरी भीती वाटते.

रविवारची सकाळ होती. इथल्या सरस्वतीपुरम भागातल्या ऑफिसात संपादक मंडळाची मिटिंग होती. डॉक्टरांचं जर्नल निघतं तिथून, वर्षाला चार अंक. लांब टेबलाभोवती नऊ डॉक्टर बसले होते, नऊही पुरुष. टेबलाच्या टोकाला मॅडम, सहायक संपादक. मी कॉफीचा ट्रे घेऊन आत आले तेव्हा सर एक कागद वाचत होते. सर म्हणजे जर्नलचे मुख्य संपादक, रिटायर झालेले मोठे प्रोफेसर.

कागद मॅडमच्या लेखाचा होता, त्याच्या कामाला मी गावी जाऊन आले होते. शेवटच्या पानावर आभाराची ओळ होती आणि त्या ओळीत माझं नाव होतं. सरांनी ते नाव मोठ्याने वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एनम्मा, काय ग, तू शास्त्रज्ञ कधी झालीस?"

सगळे हसले. एक डॉक्टर म्हणाले, मग बसच्या कंडक्टरचेही आभार माना, त्यानेच हिला गावाला नेलं. दुसऱ्यांनी कॉफीच्या फिल्टरचं नाव सुचवलं. त्यावर आणखी हसले. सर म्हणाले, "आपलं जर्नल बाहेर जातं. कामवाल्या बायांची नावं छापून आपली किंमत कशाला घालवायची?" आणि पेनने ती ओळ खोडली. दोनदा खोडली, खालीवर.

मी काय केलं? मी हसले. ट्रे हातात धरून, दात दिसतील एवढं हसले. मॅडमही थोड्या हसल्या. मग मी एकेकापुढे कप ठेवला. बिनसाखरेची कोणाची, दूध जास्त कोणाला, सगळं आठवून ठेवला. कंडक्टरचा विनोद करणाऱ्यांनी दुसरा कप मागितला, तोही दिला.

त्या हसण्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. त्यांनाही नाही.

मी लहानपणापासून तोंड न उघडणारी. बसमध्ये माझा स्टॉप आला तरी कंडक्टरला ओरडून सांगता येत नाही. पुढच्या स्टॉपवर उतरते आणि मागे चालत येते. आमचं घर रंगाऱ्यांचं. अप्पा कापड रंगवायचे, ठसे मारायचे. शाळेत माझे हात निळे असत. खेळात हात धरायची वेळ आली की मुली माझा हात सोडून पुढच्या मुलीचा धरायच्या. चौथीनंतर आई बाळंत झाली आणि मला घरी बसवलं. भाऊ मोठा असूनही शिकत राहिला. त्याचे हातही निळेच होते, पण आईच्या बाळंतपणात कोणी त्याला घरी बसवलं नाही. तेव्हा मला हे विचित्र वाटलं नव्हतं. आता वाटतं.

त्या ऑफिसात मी चौदा वर्षं होते. झाडणं, कॉफी, कपाटं लावणं, अंक पाकिटात घालणं, पत्ते चिकटवणं, पोस्टात नेणं. पत्ते चिकटवता चिकटवता इंग्रजी अक्षरं शिकले. अर्थ कळत नाही, पण नावं वाचता येतात. अंकात कोणाची नावं आहेत, कोणाचं आधी आणि कोणाचं मागून, हे मी दर अंकाला वाचत असे. कोणी सांगितलं नव्हतं, आपलं आपण.

म्हणून तिथली रीत मला कळली. बाई डॉक्टर लेख घेऊन यायची. तरुण असायची, घामेजलेली, स्कूटर बाहेर लावून. सर तिला बसा म्हणायचे, लेख चाळायचे आणि सांगायचे, "चांगलं आहे अम्मा, पण नावाला वजन नाही. तुमच्या विभागप्रमुखांचं नाव पुढे घाला, मग आणा." ती जायची. महिन्याभराने परत यायची. लेख तोच, पुढे एका पुरुषाचं नाव वाढलेलं. मग तो छापला जायचा. एकदा असाच एक पुढच्या नावाचा डॉक्टर ऑफिसात आला. मॅडमनी त्याला त्याच्या लेखातलं काहीतरी विचारलं. त्याला लेख कशावर आहे तेच आठवेना. मॅडमनी आठवण करून दिली. तो म्हणाला, हो हो, तोच.

चौदा वर्षांत एकाही बाईच्या नावाला वजन आलेलं मी पाहिलं नाही. पुरुष नोकरीला लागून दोन वर्षं झाली की त्याचं वजन वाढायचं.

मॅडम तिथे अकरा वर्षं सहायक संपादक होत्या. आलेला प्रत्येक लेख त्या वाचायच्या. इंग्रजी सुधारायच्या, पत्रं लिहायच्या, मिटिंगचा वृत्तांत लिहायच्या, जर्नल चालवणाऱ्या डॉक्टरांच्या संघाच्या पावत्याही त्याच फाडायच्या. सर सही करायचे. नऊ डॉक्टरांच्या खुर्च्यांना हात होते. मॅडमची खुर्ची बिनहाताची, आतल्या खोलीतून मी दर मिटिंगला आणून ठेवायची. भिंतीवर आजवरच्या मुख्य संपादकांचे सहा फोटो होते, सगळे पुरुष. सातवा खिळा रिकामा होता. सरांनी संपादकपद सोडलं की त्यांचा फोटो तिथे लागणार आणि खुर्ची मॅडमना मिळणार, असं मॅडमनी मला स्वतः सांगितलं होतं. एकदा तर त्यांनी त्या खिळ्याशेजारच्या भिंतीकडे बघून विचारलं होतं, "इथे आठवा मावेल ना?"

मला त्या चांगल्या वाटायच्या. डबा वाटून खायच्या. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांची तपासणी त्यांनीच ओळखीने करून दिली होती. हे मी लिहिते कारण ते खरं आहे.

आता लेखाबद्दल.

आमच्या जिल्ह्यात पिरियापट्टणकडे तंबाखू पिकते. पावसाळ्यात हिरवी पानं खुडतात आणि बायका ती दोऱ्याने काठ्यांना बांधतात. मग काठ्या भट्टीत टांगतात. बांधणाऱ्या बायकांना उलट्या होतात, डोकं गरगरतं, असं मॅडमच्या कानावर आलं होतं. आदल्या वर्षी दोन तरुण डॉक्टर तिथे जाऊन आले होते. त्यांनी शेताच्या मालकांना विचारलं. मालक म्हणाले, आमच्या बायकांना काही होत नाही. तसंच त्यांनी लिहून आणलं.

मॅडमना ते पटलं नाही. त्या स्वतः गेल्या. पण बायका त्यांच्यापुढेही बोलेनात. मॅडमना लोकांनी खुर्ची दिली होती, बायका खाली बसल्या होत्या. मॅडमची कानडी शहरातली, साडी इस्त्रीची. पुढच्या वेळी त्यांनी मला बरोबर नेलं. म्हणाल्या, तू त्यांच्यात जाऊन बस.

मी बसले. मला बोलता येत नाही, म्हणून मी पानं बांधायला घेतली. मी गप्प होते म्हणून त्या बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी मलाच उलटी झाली. बायका खूप हसल्या, शहरातली नाजूक बाई म्हणाल्या. गौरम्मा म्हणून एक होती, माझ्याच वयाची. तिने मला ताक दिलं, पाठ चोळली आणि सांगितलं, "अक्का, पहिल्या पावसात सगळ्यांनाच होतं. पुढे अंग सरावतं. जिचं सरावत नाही ती मार खाते, काम टाळते म्हणून." तिच्या सुनेचं अंग सरावलं नव्हतं. सून तिसऱ्या महिन्यात होती आणि तिथेच बसून पानं बांधत होती.

त्या दिवशी मी माझ्या हातांकडे पाहिलं. पान सकाळच्या पावसाने ओलं होतं. मांडी भिजली होती, कोपरापर्यंत हात भिजले होते. मला अप्पांचं आठवलं. अप्पा ओरडायचे, हात कोरडे करून ये, ओल्या हाताला रंग लवकर चढतो आणि उतरत नाही. मग पानातलंही असंच अंगात शिरत असेल, असं मला वाटलं.

मॅडमच्या फॉर्मवर बरेच प्रश्न होते. वय किती, मुलं किती, किती तास काम. हा प्रश्न नव्हता. मी प्रत्येक बाईला विचारायला लागले, ज्या दिवशी उलटी झाली त्या दिवशी पान ओलं होतं की कोरडं? आणि फॉर्मच्या कडेला कानडीत लिहायला लागले. ओलं. ओलं. कोरडं. ओलं. ओलं.

मॅडमना सांगायला मला धीर होत नव्हता. परतीच्या बसमध्ये अर्ध्याहून जास्त रस्ता गेला तेव्हा मी फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवले आणि बोट दाखवलं. त्यांनी एकेक फॉर्म पाहिला. पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

"हे विचारायला तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

दुसऱ्या आठवड्यात फॉर्मवर नवा रकाना आला. मॅडमनी मला सांगितलं की परदेशी पुस्तकांत हे आहे, ओल्या पानातून विष अंगात जातं. पण आपल्या जिल्ह्यात हे कोणी विचारलं नव्हतं, आणि आपल्याही फॉर्मवर ते घालायला त्या स्वतःच विसरल्या होत्या. लेखाचं नाव त्यावरूनच पडलं. मी एकूण तेवीस दिवस गेले. रोजचे तीनशे रुपये भत्ता मिळाला. मी आनंदाने घेतला.

मग तो लेख तयार झाला, आणि तो मिटिंगचा रविवार आला.

माझी ओळ खोडल्यावर सरांनी आणखी एक सांगितलं. मॅडमचं नाव पहिलं होतं. विषय जिल्ह्याचा आहे, सरकारकडे जाईल, पहिल्या नावाला वजन हवं. माझं नाव पहिलं घाला, असं ते म्हणाले. सर त्या गावी एकदाही गेले नव्हते. तंबाखूचं हिरवं पान त्यांनी हातात धरलं असेल असं मला वाटत नाही. मॅडमनी वृत्तांताच्या वहीत ते लिहून घेतलं. स्वतःचं नाव मागे गेल्याचं स्वतःच्या हाताने लिहिलं. मान वर केली नाही.

कॉम्प्युटरवर बदल झाला. पण प्रेसवाल्याने जुन्या फाइलवरून छापलं. सातशे प्रती गठ्ठे बांधून ऑफिसात आल्या. मी पहिला गठ्ठा सोडला, एक अंक उघडला आणि सवयीप्रमाणे नावं वाचायला लागले. पहिलं नाव मॅडमचं. मी शेवटचं पान काढलं. तिथे माझं नाव होतं. छापलेलं. मी एकेक अक्षर बोटाने मोजलं. आडनावासकट सगळं बरोबर होतं. माझं नाव रेशन कार्डावर चुकीचं आहे, मतदार यादीत चुकीचं आहे. इथे बरोबर होतं.

मी दार लावून घेतलं आणि ते पान पुन्हा वाचलं.

संध्याकाळी सर आले. त्यांनी फोनवर प्रेसवाल्याला खूप झापलं. दुसऱ्या दिवशी प्रेसमधून चिकटपट्ट्यांचे दोन पुडे आले. सरांनी मला बोलावलं. ही छापलेली लांब पट्टी पहिल्या पानावर, नावांवर लावायची. ही छोटी कोरी पांढरी पट्टी शेवटच्या पानावर, ही ओळ झाकेल अशी. परवा टपाल जायचं आहे. "वाकडी लावू नकोस," म्हणाले.

माझं नाव झाकायला त्यांनी मलाच बसवलं. मला वाचता येतं हे त्यांना माहीत नव्हतं, की माहीत असून काही वाटत नव्हतं, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि मी बसले. हेही लिहिलं पाहिजे. मी रंगाऱ्याची मुलगी आहे, ठसा कडेला कड लावून मारायचा हे माझ्या हातात आहे. एकही पट्टी वाकडी गेली नाही. पट्टी ठेवायची, अंगठ्याने दाबायची, अंक बाजूला. दोन गठ्ठे झाले. दोनशे वेळा मी माझं नाव माझ्या अंगठ्याने बुजवलं. अंगठा दुखायला लागला तेव्हा मला वाटलं, बाई, तू काय करते आहेस?

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी गठ्ठे पाहिले. त्यांचंही नाव पट्टीखाली गेलं होतं, पहिल्याचं तिसरं झालं होतं. मध्ये आणखी एका डॉक्टरांना घातलं होतं. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "लवकर आटप ग. टपाल चुकायला नको."

मी विचारलं, "मॅडम, पान ओलं होतं का, हा प्रश्न कोणाचा?"

त्या दाराकडे बघून हळू बोलल्या. आत्ता वाद नको. पुढच्या वर्षी खुर्ची माझी आहे. मी तिथे बसले की सगळं नीट करू.

मी पुन्हा तेच विचारलं. मला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं.

मॅडमना राग आला. "तुला भत्ता मिळाला ना?"

मी हातातली पट्टी खाली ठेवली. ती टेबलालाच चिकटली. मी म्हटलं, राहिलेले पाचशे अंक मी करणार नाही.

सरांना बोलावलं गेलं. सर चिडले नाहीत. ते मजेत होते. म्हणाले, हिला कोणीतरी शिकवलंय. मी म्हटलं, नाही सर. माझा आवाज इतका बारीक होता की त्यांनी दोनदा काय, काय केलं. मी सांगितलं की प्रश्न माझा होता, तो मी विचारला, म्हणून माझं नाव झाकणार नाही.

सर म्हणाले, "रोजचे तीनशे मोजून घेतलेस. मजुरी घेतली की नाव मागायचं नसतं. घर बांधलं म्हणून गवंडी दारावर आपली पाटी लावतो का?"

मी चपला घालून बाहेर पडले.

सरांना द्यायचं उत्तर बसमध्ये सुचलं. माझा स्टॉप येऊन गेला तरी मी बसूनच राहिले. सरांना इतकी वर्षं कॉलेजचा पगार होता. तो पगार घेत घेत त्यांनी लेख लिहिले आणि सगळ्यांवर नाव लावलं. मॅडमना पगार आहे. मिटिंगला येणाऱ्या त्या नऊ जणांनाही पगार आहे, वर गाडीचं पेट्रोल मिळतं. पैसे घेतल्याने त्यांचं नाव जात नाही. माझं तीनशे रुपयांत जातं. तरुण बाई डॉक्टरचं वजन नाही म्हणून मागे जातं, मॅडमचं खुर्चीच्या आशेने मागे जातं, आणि माझं मजुरीने पुसलं जातं. कारण दर वेळी वेगळं काढतात. नाव मात्र दर वेळी बाईचंच जातं.

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि सरांना सांगितलं की मी भत्ता परत करणार. तेवीस दिवसांचे सहा हजार नऊशे. मग तुम्हाला मजुरी म्हणता येणार नाही.

ते मोठ्याने हसले. तिथे दोन तरुण डॉक्टर राहिलेल्या पट्ट्या चिकटवत बसले होते, तेही हसले. सर म्हणाले, "परत कर. सगळे परत कर आणि मग ये नाव मागायला."

त्या महिन्यापासून माझी नोकरी गेली. काढलं असं कोणी म्हटलं नाही. दुसरी बाई आली एवढंच.

नवरा शिवणकाम करतो. आता त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. तो म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? नाव काय शिजवून खायचंय? आणि तो भत्ता घामाचा होता, दान नव्हतं." मी म्हटलं, हो, घामाचा होता. मग साड्यांना फॉल लावायचं काम कुठे मिळतं ते तोच जाऊन विचारून आला. त्या फॉलच्या पैशातून मी भत्ता परत करायला लागले.

प्रत्येक वेळी मी ऑफिसात जायची, पैसे द्यायची, पावती घ्यायची. संघाचा नियम आहे, आत आलेल्या पैशाला पावती द्यावीच लागते. पावती मॅडम लिहायच्या. भत्ता परत, एवढंच. आम्ही एकमेकींशी बोलायचो नाही.

मधल्या काळात सरांनी संपादकपद सोडलं. मिटिंग झाली. खुर्ची मॅडमना मिळाली नाही. मॅडमच्या नंतर पाच वर्षांनी आलेल्या एका डॉक्टरांना मिळाली, ज्यांची पत्रं मॅडम सुधारून देत असत. सरांना सल्लागार केलं, म्हणजे ते रोज येतातच. मॅडम सहायकच राहिल्या. मिटिंगचा वृत्तांत त्यांनीच लिहिला असणार.

चार दिवसांनी मॅडम आमच्या मोहल्ल्यात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याने मशीनवरचं कापड काढून त्यांना बसायला जागा केली. त्यांचे डोळे सुजले होते. म्हणाल्या, वर्षानुवर्षं त्यांचं इंग्रजी धुतलं मी. तो नवा माणूस काल मला म्हणाला, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. मग माझा हात धरून म्हणाल्या, "आपल्या दोघींवर अन्याय झाला."

मला त्यांची दया आली. तरी मी हात सोडवून घेतला.

"सारखा नाही, मॅडम. तुमच्यावर त्यांनी केला. माझ्यावर तुम्हीही केला."

त्या म्हणाल्या, मी आभारात तुझं नाव घातलं होतं, कोण घालतं? मी म्हटलं, आभार कशाला? प्रश्न माझा होता तर नाव वर का नव्हतं, तुमच्या नावाबरोबर? पट्टी चिकटायच्या आधी, तुम्ही पहिल्यांदा लिहायला बसलात तेव्हाच, का नव्हतं? सरांनी मला शेवटच्या पानावरून काढलं. पहिल्या पानावर मला तुम्हीच येऊ दिलं नाही.

चहा न घेता त्या गेल्या.

त्यानंतर मी एकटीच पिरियापट्टणला जाऊन आले. अंक निघून सहा महिने झाले होते. त्या गावात एकही अंक गेला नव्हता. गेला असता तरी तो इंग्रजीत. मी गौरम्माच्या ओट्यावर बसून बायकांना सांगितलं, पान ओलं असताना बांधू नका. बांधावंच लागलं तर मांडीवर प्लास्टिक घ्या, बाह्या खाली ओढा, हात पुन्हा पुन्हा धुवा. पोटुशीला तर बसवूच नका. पंधरा-वीस बायका होत्या. मी बोलले. गौरम्माने विचारलं, एवढंच कळायला तुम्हाला दीड वर्ष लागलं? मी म्हटलं, मला इथेच पानं बांधताना कळलं होतं. बाकी वेळ कोणाचं नाव पुढे घालायचं त्यात गेला. ती हसली नाही. तिच्या सुनेचं मूल राहिलं नव्हतं.

काल रविवार होता. मिटिंगच्या दिवशीच मी शेवटचे नऊशे घेऊन गेले. टेबलाभोवती सगळे होते. सर, नवे संपादक, मंडळ. मॅडम टोकाला, त्याच बिनहाताच्या खुर्चीवर. नवी बाई कॉफी देत होती. मी पैसे टेबलावर ठेवले. मॅडमनी पावती लिहिली, भत्ता परत, आणि पुढे केली.

मी घेतली नाही. मी म्हटलं, कशाचा भत्ता ते लिहा. कानडीत लिहा, मला वाचता येईल असं.

सर म्हणाले, काय लिहायचं आणखी?

"पिरियापट्टणला तेवीस दिवस जाऊन, पान ओलं होतं का हे बायकांना विचारलं, त्या कामाची सगळी मजुरी हिने परत केली. असं लिहा."

नवे संपादक घड्याळ बघत होते. म्हणाले, लिहून टाका आणि पाठवा तिला, मिटिंग खोळंबली आहे. मॅडमनी लिहिलं. शब्द सगळे लिहिले. नव्या संपादकांनी न वाचता सही केली. मी तिथेच उभी राहून पावती वाचली. मला वेळ लागतो. सगळे थांबले. नऊ डॉक्टर माझं वाचून होईपर्यंत थांबले.

मग मी सरांना म्हटलं, "सगळे परत कर आणि मग ये, असं तुम्ही म्हणाला होता. आले मी."

ते म्हणाले, छापून झालेलं बदलता येत नाही.

"पट्टी लावून बदलता येतं, सर. मी स्वतः दोनशे लावल्यात."

कोणी हसलं नाही. नव्या संपादकांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी जाणारच होते. जाताना सांगितलं की पुढच्या मिटिंगलाही येईन. त्याच्या पुढच्यालाही. लेखावर माझं नाव लागेपर्यंत वर्षाचे चारही रविवार येईन आणि इथे या टेबलापाशी उभी राहीन. कॉफी देणार नाही. हसणार नाही. वजन नाही म्हणून परत पाठवलेल्या मुली मला माहीत आहेत. त्यांच्या पाकिटांवर पत्ते मीच चिकटवायची, ते माझ्याकडे आहेत. त्यांनाही बोलावीन.

बसमध्ये माझा स्टॉप आला तेव्हा मी मोठ्याने थांबवा म्हटलं.

पावती डब्यात ठेवली आहे. सहा हजार नऊशे रुपये. शेवटचा रुपयाही काल परत दिला. आता मी त्यांची मजूर नाही.